तारायानातील प्रवाशांनी कसे वागावे? वागळे इस्टेटमधील एका खेळाचे परीक्षण

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका जुन्या गाळ्यात सध्या शनिवारी आणि रविवारी चोवीस माणसांना तीन तासांपुरते तारायानाचे, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याकडे निघालेल्या अंतराळयानाचे, प्रवासी करून टाकणारा एक खेळ चालतो. नाटक, प्रदर्शन आणि बैठा खेळ या तिन्हींच्या सीमेवर तो कुठेतरी बसतो. प्रयोग अजून चाचणीच्या टप्प्यावर असून त्याचे नाव ठरायचे आहे, त्यामुळे आयोजकांच्या विनंतीनुसार येथे त्याचा उल्लेख केवळ ‘यान’ असा करते. यानात लढाई नाही, परग्रहावरचे प्राणी नाहीत, जग वाचवण्याची कामगिरीही नाही. बंद यानात वर्षानुवर्षे सोबत राहणाऱ्या माणसांनी एकमेकांशी कसे वागावे एवढाच त्याचा विषय आहे, आणि तो तीन तास पुरतो, कंटाळा येऊ देत नाही, ही गोष्ट आधीच मान्य करायला हवी.

आत शिरतानाच प्रत्येकाच्या हाती दोन गोष्टी पडतात. एक म्हणजे ‘प्रवाशांसाठी सूचना’ ही सोळा पानांची पुस्तिका, आणि दुसरी म्हणजे एक कार्ड, ज्यावर आपले यानातील नाव, बर्थचा क्रमांक, कामाची पाळी आणि इतरांना न सांगण्याची एक अडचण लिहिलेली असते. कोणाची रात्रपाळी असते आणि दिवसा झोप होत नसते, कोणी सामानातून काहीतरी लपवून आणलेले असते, कोणाला घरून पत्र आलेले नसते. अधूनमधून घंटा वाजते, एखादा प्रसंग उभा राहतो, आणि प्रवाशांनी तो पुस्तिकेच्या आधाराने, पण शक्यतो पुस्तिका कोणाच्या तोंडावर न फेकता, निभवायचा असतो. यानातील कर्मचारी, म्हणजे पाच-सहा तरुण नट, मधूनच वहीत काहीतरी टिपत राहतात. शेवटी गुण मिळत नाहीत; कोणत्या नियमाने कोणाला त्रास झाला याची चर्चा मात्र होते, आणि आमच्या खेपेला ती मूळ खेळापेक्षाही अधिक रंगली.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर यानाची माहिती आहे. ती लक्षपूर्वक वाचावी, कारण पुढची सगळी शिस्त तिच्यातूनच निघायला हवी. यान प्रकाशाच्या एक दशांश वेगाने प्रॉक्झिमा सेंटॉरी या सूर्याला सर्वांत जवळ असलेल्या ताऱ्याकडे निघाले आहे. अंतर ४.२४ प्रकाशवर्षे (प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष), म्हणजे प्रवास बेचाळीस वर्षांहून अधिक. (नासाचे व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे; त्या वेगाने एवढे अंतर कापायला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील, तेव्हा कथेला हा वेग माफ.) प्रवासी राहतात ते एका प्रचंड चाकाच्या कडेवर. चाकाची त्रिज्या २२४ मीटर आणि फिरण्याचा वेग मिनिटाला दोन फेऱ्या. हिशेब करून पाहिला. कडेवर उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वीवरच्याइतकेच वजन जाणवेल, असे उत्तर खरोखरच येते. आसाजवळ मात्र वजन उरत नाही, आणि तेथे कोठारे, यंत्रे व दुर्बीण ठेवलेली आहे. खेळ घडतो तो प्रवासाच्या दहाव्या वर्षातील एका दिवशी.

माझे मत असे की पुस्तिकेतील जे नियम या यानाच्या हवेतून, पाण्यातून आणि फिरण्यातून निघाले आहेत तेथे खेळ जिवंत होतो, आणि जे विमानातून, हॉटेलातून किंवा अंतराळ स्थानकावरच्या माहितीपटातून तसेच्या तसे उचलले आहेत तेथे तो उसना वाटू लागतो. दोन्ही प्रकारचे नियम पुस्तिकेत सरमिसळ छापलेले आहेत, हा तिचा मुख्य दोष आहे.

सर्वांत सरस प्रकरण पाण्याचे. यानात अत्तर, डिओडरंट, दाढीनंतर लावायचे लोशन आणि अल्कोहोल असलेला हात धुण्याचा द्रव यांना बंदी आहे, आणि ही बंदी सोवळेपणाची नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मूत्र, घाम आणि उच्छ्वासातील बाष्प गोळा करून त्याचे पुन्हा पिण्याचे पाणी केले जाते. २०२३ साली नासाने हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेल्याचे जाहीर केले. हवेत उडालेले अल्कोहोल त्याच बाष्पाबरोबर गोळा होते आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर भार टाकते, म्हणून तेथेही असे पदार्थ टाळले जातात. आमच्या खेपेला एका प्रवासिनीच्या कार्डावर लग्नाच्या वाढदिवसासाठी लपवून आणलेली अत्तराची कुपी होती. तिने ती उघडली, अर्थात खेळातल्या खेळात, आणि आजूबाजूच्या चौघांच्या कार्डांवर ‘तुम्हाला वास आला आहे’ अशी सूचना उमटली. आता बोलायचे कोणी आणि काय? एका तरुणाने पुस्तिकेतील कलम मोठ्याने वाचून दाखवले आणि तत्क्षणी वातावरण बिघडले. मग कोपरखैरण्याहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, वास फार छान आहे हो, पण उद्या तो आपल्या सगळ्यांच्या पेल्यात येईल.” कुपी मुकाट्याने बंद झाली. यानातील शिष्टाचार म्हणजे काय हे त्या एका वाक्यात जितके स्पष्ट झाले तितके सोळा पानांत झालेले नाही, आणि आयोजकांना ते ठाऊक आहे असे दिसते, कारण त्यांनी हा प्रसंग मुद्दाम अगदी सुरुवातीला ठेवला आहे.

दुसरा उत्तम नियम उंबरठ्याचा. यानाचे कप्पे एकमेकांपासून हवाबंद करता येतील अशा दारांनी जोडलेले आहेत आणि ‘दाराच्या चौकटीत काहीही ठेवू नये, क्षणभरही नाही’ असे पुस्तिका बजावते. यामागे खरी घटना आहे. २५ जून १९९७ रोजी प्रोग्रेस हे मालवाहू यान मीर या रशियन अंतराळ स्थानकाच्या स्पेक्टर या कप्प्यावर आदळले आणि हवा गळू लागली. कप्पा ताबडतोब बंद करायचा, तर दारातून विजेच्या आणि इतर तारा गेलेल्या. त्या तोडून, काढून मगच दार लावता आले. सोयीसाठी दारातून ओढलेली तार संकटाच्या वेळी अशी आडवी येते. यानाच्या आयोजकांनी हा धडा शिकवण्यासाठी जी युक्ती केली आहे तिला दाद द्यावी लागेल. खेळ सुरू होताना ते एवढेच सांगतात की पादत्राणे काढून आत या. कुठे काढा ते सांगत नाहीत. ठाण्यातल्या कुठल्याही घराच्या पूजेला जमावा तसा चपलांचा ढीग दोन मिनिटांत नेमका पहिल्या चौकटीत जमला. तासाभराने हवागळतीची घंटा वाजली, कर्मचारी दार ओढायला धावले आणि दार चपलांवर अडकले. दहा-बारा माणसे वाकून एकमेकांच्या चपला भिरकावत असताना एक नट शांतपणे सेकंद मोजत उभा होता. त्यानंतर उरलेल्या दोन तासांत चौकटीत कोणी हातरुमालही टाकला नाही.

या यशानंतर पुस्तिकेच्या मधल्या पानांकडे वळले की निराशा होते. तेथे लिहिले आहे की चिवडा, चकली, पाव आणि ज्याचा भुगा होतो असे काहीही यानात खाऊ नये, कारण कण हवेत तरंगतात आणि यंत्रांत किंवा डोळ्यांत जातात. अंतराळ स्थानकाच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. १९६५ साली जेमिनी-३ या अमेरिकी मोहिमेत अंतराळवीर जॉन यंग यांनी खिशातून चोरून नेलेले सँडविच बाहेर काढले आणि त्याचे कण पसरू लागल्यामुळे ते लगेच ठेवून द्यावे लागले. पुढे १९८५ मध्ये मेक्सिकोचे रोदोल्फो नेरी वेला यांनी अमेरिकेच्या अंतराळ शटलमध्ये टॉर्टिया नेल्या आणि पावाऐवजी पोळीसारख्या टॉर्टियाच अंतराळवीरांच्या पसंतीस उतरल्या. मीठ आणि मिरपूडही तेथे द्रवरूपात असते. परंतु आपले यान फिरते आहे! कडेवर माणसाचे वजन पृथ्वीवरच्याइतके असेल तर चिवड्याचेही असेल आणि सांडलेला दाणा मुकाट्याने जमिनीवर पडेल. मग जेवणघरातील ही बंदी कशासाठी? हा नियम आसाजवळच्या वजनरहित भागासाठी योग्य आहे, आणि तेथे तर पुस्तिका जेवायची परवानगीच देत नाही.

झोपण्याच्या नियमाचीही तीच गत. ‘झोपताना तोंडाजवळ पंख्याची हवा येत राहील अशी व्यवस्था करावी, पडद्याने झरोका झाकू नये’ असे कलम आहे. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, थंड हवा खाली येत नाही, त्यामुळे पंखा बंद असेल तर सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड झोपलेल्याच्या तोंडाभोवतीच साचत जातो आणि माणूस डोके दुखत जागा होतो. कडेवर मात्र हवा आपल्या घरातल्यासारखीच वर-खाली वाहील. झरोका तरीही झाकू नये हे ठीक, पण कारण वेगळे: माणूस दिवसाला सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो शोषून घेणाऱ्या यंत्रणेपर्यंत हवा पोचलीच पाहिजे. चुकीचे कारण दिलेला योग्य नियम पाळला जातो, पण पाळणाऱ्याला त्यातून पुढचा नियम स्वतः काढता येत नाही, आणि या खेळाची सगळी गंमत तर प्रवाशांनी नियम स्वतः काढण्यात आहे.

फिरत्या चाकाचे स्वतःचे शिष्टाचार किती मजेदार झाले असते याचा विचार केला की ही उसनवारी अधिकच खटकते. पडणारी वस्तू अशा चाकात सरळ खाली पडत नाही; फिरण्याच्या उलट दिशेला थोडी मागे राहते. वर सांगितलेल्या त्रिज्येला आणि वेगाला मीटरभर उंचीवरून सोडलेला चमचा सुमारे सहा सेंटिमीटर बाजूला पडेल. म्हणजे टपरीवाल्याच्या ऐटीत हात उंच करून चहाची लांब धार सोडणाऱ्याने शेजाऱ्याच्या मांडीवर चहा ओतलाच म्हणून समजा, आणि जेवणघरात कोण कोणाच्या कोणत्या बाजूला बसतो याला अर्थ आला. धावण्याचेही तसेच. फिरण्याच्या दिशेने धावणाऱ्याचे वजन वाढते आणि उलट दिशेने धावणाऱ्याचे घटते. सेकंदाला पाच मीटर वेगाने धावले तर दोहोंकडे साधारण पाचव्या हिश्शाचा फरक पडतो. व्यायामाला म्हणून निघालेला आणि जिवाला आराम म्हणून निघालेला एकाच अरुंद मार्गिकेत समोरासमोर आले तर वाट कोणी सोडायची? यातला एकच प्रकार पुस्तिकेत आला आहे: आऱ्यातील शिडीवरून आसाकडे चढताना माणूस फिरण्याच्या दिशेला ढकलला जातो आणि उतरताना उलट दिशेला, म्हणून चढणाऱ्यांनी शिडीची एक बाजू आणि उतरणाऱ्यांनी दुसरी बाजू धरावी. हे कलम ज्याने कोणी लिहिले त्याच्याकडेच उरलेली पानेही सोपवावीत.

खिडकीबद्दल थोडक्यात. यानात एक मोठा पडदा खिडकी म्हणून लावला आहे आणि त्यावर तारे रेषा होऊन मागे पळतात. प्रकाशाच्या एक दशांश वेगाला तसे काहीही दिसणार नाही. तारे जिथल्या तिथे राहतील. मात्र खिडकी चाकाच्या कडेवर असेल तर अख्खे आकाश दर तीस सेकंदांनी एक फेरा घेईल, आणि जेवताना ते समोर दिसले तर निम्म्या प्रवाशांच्या पोटात ढवळेल. ‘कोणी जेवत असताना खिडकीचा पडदा ओढून घ्यावा’ हा नियम पुस्तिकेत असायला हवा होता. त्याऐवजी खिडकीपाशी प्रत्येकी पाच मिनिटे उभे राहण्याच्या पाळ्या आहेत आणि त्या पाळायला कोणी उत्सुक नव्हते.

वेळेचा आणि आवाजाचा प्रसंग पुन्हा उत्तम जमला आहे. अंतराळ स्थानकावर दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो, म्हणून तेथे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेनुसार चालवले जाते. यानात तर सूर्यच नाही. दिवस आणि रात्र हे दिवे कमी-जास्त करून ठरवलेले, आणि काम तीन पाळ्यांत, त्यामुळे कुणाची तरी मध्यरात्र ही कुणाची तरी सकाळ असतेच. चतुर्थीला आरती करायची आहे असे एका प्रवासिनीच्या कार्डावर होते. तिच्याकडे उदबत्ती होती, दुसऱ्या एकाकडे टाळ होते आणि तिसरा रात्रपाळी करून नुकताच झोपला होता. उदबत्तीचा प्रश्न पटकन मिटला, कारण बंद यानात धूर आणि उघडी ठिणगी यांचे भय सर्वांनाच समजते. टाळांवर मात्र वीस मिनिटे खल झाला. एकाने विचारले, यानात चतुर्थी ठरवायची कशी, कारण तिथी चंद्र-सूर्यावरून आणि चंद्रोदय तर गावावरून बदलतो. त्यावर एका गृहस्थांनी मलेशियाची आठवण दिली: २००७ साली तेथील अंतराळवीर शेख मुझफ्फर शुकोर अंतराळ स्थानकावर जाणार होते तेव्हा तेथील धर्मपंडितांनी नमाजाची वेळ आणि दिशा कशी धरावी याचे मार्गदर्शन आधीच तयार केले होते आणि त्यात ज्याला जेवढे जमेल तेवढे करण्याची मुभा ठेवली होती. आमच्या मंडळींनी अखेर ठाण्याचे पंचांग प्रमाण मानले, आरती पाळी बदलण्याच्या वेळेला नेली आणि टाळांऐवजी टाळ्या ठरवल्या. झोपलेला तरुण ही सगळी चर्चा पांघरुणातून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, “टाळ चालतील, एवढी लांब चर्चा नको.”

तरीही यानातील सर्वांत खोल प्रसंग पत्रघराचा आहे, आणि केवळ त्यासाठीही मी हा खेळ पुन्हा खेळेन. दहाव्या वर्षी यान पृथ्वीपासून सुमारे एक प्रकाशवर्ष दूर आहे. येथून पाठवलेले पत्र पोचायला एक वर्ष लागते, आणि उत्तराला तर पुढे निघून गेलेल्या यानाला गाठावे लागते, त्यामुळे प्रश्न विचारल्यापासून उत्तर हाती येईपर्यंत साधारण सव्वादोन वर्षे जातात, आणि हा काळ दर वर्षी वाढतच जाणार. मंगळावरच्या माणसाशी बोलतानासुद्धा एका बाजूला सुमारे तीन ते बावीस मिनिटे लागतात आणि गप्पा अशक्य होतात. येथे तर पत्रव्यवहाराचाच अर्थ बदलतो. पुस्तिकेने यातून चार नियम काढले आहेत. पत्रात उत्तराची वाट पाहायला लावणारा प्रश्न विचारू नये. पत्राच्या आरंभी लिहिल्याची तारीख सांगावी आणि वाचतानाही ती आधी पाहावी. पृथ्वीवरची सामायिक बातमी सर्वांनी आपापली पत्रे वाचेपर्यंत चारचौघांत काढू नये. आणि चौथा, जो मला सर्वांत शहाणा वाटला: कोणालाही ‘पत्र आले का?’ असे विचारू नये. ज्याचे आले असेल तो सांगेल.

एका महाविद्यालयीन मुलाच्या पत्रात त्याचे आजोबा वारल्याची बातमी होती, वर्षभरापूर्वीची. भेटायला जाणारे म्हणतील काय? ‘धीर धर’ म्हणावे, तर ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांचे वर्षश्राद्धही आटोपले असेल. न बोलावे, तर त्याच्यासाठी ते आजच गेलेले आहेत. आमच्यातील एका वयस्कर गृहस्थांनी सुतकाचा विषय काढला. परदेशातील नातलगाच्या मृत्यूची बातमी उशिरा कळली तर सुतक कसे धरावे याचा विचार धर्मशास्त्राने फार पूर्वी केलेला आहे: दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस, त्यानंतर कळले तर तीन रात्री, आणि वर्ष उलटून गेल्यावर कळले तर केवळ पाण्याने शुद्धी. एक प्रकाशवर्ष अंतरावरच्या माणसाला हा शेवटचा विकल्प नेमका लागू पडतो, हे ऐकून आयोजकही चकित झाले. मग पाण्याचा प्रश्न आला, कारण अंघोळीचे पाणी मोजून मिळते. मुलाच्या शेजारच्या दोघींनी आपल्या वाट्यातील पाण्याची चिठ्ठी त्याच्या बर्थवर ठेवली आणि काही न बोलता परत आल्या. हे कोणाच्याही कार्डावर लिहिलेले नव्हते.

कप्तान आणि कर्मचारी यांचे काय, असे कोणी विचारील. तेथे पुस्तिका पूर्ण गोंधळलेली आहे. एका पानावर प्रत्येक प्रवाशाची कामाची पाळी ठरवली आहे, आणि पुढच्याच पानावर ‘मदतीसाठी बर्थजवळचे बटण दाबा’ असे आहे. कप्तान तर सुरुवातीला हसतमुखाने ‘आपला प्रवास सुखाचा होवो’ म्हणतो. बेचाळीस वर्षांच्या प्रवासात पाहुणा कोणी राहूच शकत नाही. अंतराळ स्थानकावर शनिवारी अंतराळवीर स्वतःच झाडलोट करतात. पैसे भरून तेथे गेलेले पहिले प्रवासी डेनिस टिटो यांनासुद्धा २००१ साली काही मोडले तर भरपाई देण्याचे लिहून द्यावे लागले होते आणि अमेरिकी भागात सोबतीशिवाय न फिरण्याची अट होती. स्थानकावरील सर्वांसाठी आचारसंहिता आहे, तिच्यात कमांडरचे अधिकारही आहेत. यानाच्या कप्तानाला मात्र भांडण लागले तर काय करता येते याचा एक शब्दही पुस्तिकेत नाही, आणि दोन प्रवाशांत शिडीवरून खरोखरच बाचाबाची झाली तेव्हा तो नट बिचारा नुसता मंद हसत राहिला. बाकी नटमंडळी सफाईदार आहेत. हवागळतीच्या वेळी सेकंद मोजणारा मुलगा तर विशेष लक्षात राहतो.

वासाचा नियम मला अपुरा वाटला. ‘उग्र पदार्थ टाळावेत’ एवढ्यावर भागवले आहे. अंतराळात पाठवायच्या वस्तूंचा वास घेऊन त्या नापास करणारी माणसांची तुकडी नासाकडे आहे, कारण बंद जागेत वास निघून जाण्याला वाटच नसते. पण उग्र कोणाला म्हणायचे? सुकट एकाला घराची आठवण असते आणि दुसऱ्याला शिक्षा. या प्रश्नावर आमच्या गटात कोळीवाड्यातील एक तरुणी आणि एक कट्टर शाकाहारी काका होते, म्हणजे आयते नाट्य हाताशी होते, आणि आयोजकांनी ते वाया घालवले.

मधल्या सुटीत मिळणारे खाणे साधे आहे: उपमा, केळे, चहा. जागा स्वच्छ, पण वातानुकूलन फार जोरात आहे. अंगावर घ्यायला काहीतरी न्यावे. ठाणे स्टेशनवरून वागळे इस्टेटकडे जाणारी शेअर रिक्षा सोयीची पडते, कारण गाडी लावायला गल्लीत जागा मिळत नाही. तिकीट माणशी बाराशे रुपये आहे, जे तीन तासांच्या मानाने मला जास्त वाटले नाही, पण चौघांच्या कुटुंबाला नक्कीच जड जाईल. बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही आणि तो नसावाच, कारण पत्रघराचा प्रसंग त्यांच्यासाठी नाही. गाळा पहिल्या मजल्यावर असून जिना चढावा लागतो. मालाची लिफ्ट आहे, ती विनंती केल्यास ज्येष्ठांसाठी चालू करतात. एकट्याने गेलात तरी बिघडत नाही. उलट ओळखीच्या चौघांचा घोळका एकत्र आला की ते चौघे एकमेकांशीच सभ्यपणे वागतात आणि बाकीच्या वीस जणांना विसरतात, म्हणून आयोजक घोळक्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत टाकतात. त्याबद्दल तक्रार करू नये.